दाराशी बसलेली गुणा

माझी बायको गेल्याचं मला शहापूरच्या बाजारात कळलं.

भेंडी उतरवत होतो. शेजारच्या सुरेंद्रचा फोन आला. म्हणाला, घरी ये. कशाला, ते सांगेना. तेव्हाच कळलं.

शेणव्याला घरी पोचलो तर गुणा मधल्या खोलीत निजल्यासारखी पडलेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. खोलीचं दार सताड उघडं होतं.

ते दार आता तिथं नाही. मीच काढलं. का काढलं, तेवढंच लिहितोय. यातलं मी काही रचलेलं नाही. माझी आत्या धोंडूबाई, तिनंही ऐकलंय. आणि ती भुताच्या गोष्टींना हसणारी बाई आहे.

आधी गुणाचं सांगतो.

लग्नाआधी, अगदी पोर होती तेव्हा, ती मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर घरकामाला लागली होती. तिथल्या मालकानं तिला काही वर्षं कोंडून ठेवलं. काम संपलं की सामानाच्या खोलीत घालायचा, बाहेरून कडी. दार वाजवलं की मार. म्हणून ती खाली बसून दाराच्या खालच्या फळीवर नखानं हळूच खरवडायची. मग विचारायची, "जाऊ का?" पाण्याला, परसाकडे, कशालाही. तो "जा" म्हणाला तरच दार उघडायचं.

पुढं मालक पकडला गेला. ती सुटली.

पण आमच्या घरात आली तरी सुटली नव्हती.

दार उघडं असलं तरी उंबऱ्याच्या आत बसून राहायची. खरवडायची. उशीखाली भाकरीचा तुकडा ठेवायची. मी मोठ्यानं खोकलो तरी हात डोक्यावर घ्यायची.

मी घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या. गावची आशासेविका माधुरी तिला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. त्या मला म्हणाल्या, "तिला 'जा' म्हणू नका. तुम्ही परवानगी दिलीत की तुम्हीही मालकच झालात. 'तुझं तू ठरव' एवढंच म्हणा."

पहिल्यांदा तसं म्हणालो, त्या दिवशी ती दाराशीच बसून राहिली. लुगडं ओलं झालं, पण उठली नाही. मला रडू आलं. तरी 'जा' म्हणालो नाही.

असं खूप दिवस चाललं.

मग एकदा शेतावरून आलो, तर ती घरात नाही. मी विहिरीत डोकावून आलो. संध्याकाळी आमच्या गुणाबाई एसटीतून उतरल्या. कुणाला न विचारता धसईच्या बाजाराला गेली होती. हातात सुकटीची पिशवी. वर मलाच म्हणते, "असा काय बगतोस? चूल पेटव की."

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

जिवंत होती तोवर...

माणूस ज्या जागी प्राण सोडतं तिथं आमच्याकडे दहाव्याला दिवा लावतात. शेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली उपडी घालतात. सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलं ते बघतात. आत्यानं पीठ पसरलं. मांजर शिरू नये म्हणून दार ओढून घेतलं. बाहेर कडी नव्हती. म्हणून काढलेल्या कडीच्या भोकांतून सुतळी ओवून तिनं दार बांधलं.

मी अंगणात होतो. मला माहीत नव्हतं.

दिवेलागण झाली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो.

आतून आवाज आला...

खर्र.

"आत्ये, मांजर शिरलं बघ."

 आत्यानं बोट दाखवलं.

मांजर माझ्याच पायाशी होतं.

खर्र... खर्र...

खाली. अगदी जमिनीलगत.

आणि मग...

"जाऊ का?"

आत्यानं माझा दंड धरला. मी हात सोडवून धावलो. तेव्हा ती सुतळी दिसली. गाठ सुटेना. दातांनी तोडली.

आत कुणी नव्हतं. दिवा सरळ जळत होता. टोपली जिथल्या तिथं. उचलून बघितली...

पीठ गुळगुळीत. साधा ओरखडाही नाही.

पण दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या फळीवर... पिठाच्या चार बोटांच्या रेघा. वरून खाली ओढलेल्या.

"मीच बांधलं रे," आत्या म्हणाली. "माज्या ध्यानातच नाय आलं."

दुसऱ्या दिवशी मी दार बिजागऱ्यांतून काढलं. मागच्या पडवीत टेकवलं. वाटलं, आता काही नाही.

दिवेलागण झाली. मोकळी चौकट. पलीकडची भिंत दिसत होती. आणि त्या मोकळ्या चौकटीत, खाली...

खर्र.

दार नाही. आवाज आहे.

"जाऊ का?"

मी उंबऱ्याबाहेर बसलो. म्हणालो, "गुणा, तुझं तू ठरव."



मग पुन्हा... खर्र.

तेव्हापासून रोज हेच.  आत्या पाठ सोडत नाही. "एकदा जा म्हण तिला. तेवढ्यावर अडलीय ती. तुजी जीभ नाय झडायची."

आत्याचं खरंही असेल. पण तो मालक जे म्हणायचा, तेच मी म्हणू?

आणि म्हणालो, आणि ती खरंच गेली तर?

भेंडी तोडून आलो की मी चौकटीशी जाऊन बसतो. मी बाहेर. ती आत.

'जा' म्हणायचं अजून राहिलंय.