उजव्या बाजूची पलटण

“शिपायांनो, तुमचा सेनापती कोण?”

हे मी विचारलं. टेकडीच्या माथ्यावर उभी राहून, बोंबलून. “हिंमत असेल तर विचारून दाखव,” असं माझ्या मैत्रिणी यामिनी आणि फ्लोर म्हणाल्या, मग मी मागे हटतेय होय!

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. नसेल पटत तर नका वाचू.

नेदरलँड्समध्ये युट्रेख्टजवळ जंगलात ही मातीची टेकडी आहे. दोनशे वर्षांपूर्वी इथे फ्रेंच फौजेची छावणी होती. शिपाई रिकामे बसू नयेत म्हणून जनरल मार्माँने त्यांच्याकडून ती रचून घेतली. पुढे तिला नाव मिळालं ऑस्टरलिट्झ, नेपोलियनने जिंकलेल्या लढाईचं.

माझ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

वारासुद्धा पडला...

“बघ, कोणी नाहीये,” यामिनी हसली.

“मग मी! मीच सेनापती!” मी ओरडले.

आणि निघताना डब्यात तिथली माती भरून घेतली. आम्ही टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळतो. प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली चकती असते, तिला माती चिकटवतात. माझ्या फ्रेंच पलटणीला मी तीच चिकटवली. खऱ्या छावणीची माती आमच्या क्लबमध्ये कोणाकडेच नव्हती!

काल, शुक्रवारी संध्याकाळी, क्लबमध्ये सेमीफायनल होती. डिसेंबर, त्यामुळे बाहेर केव्हाच काळोख. लढाई ऑस्टरलिट्झचीच. मी फ्रेंच. समोर वाउटर, आजोबांच्या वयाचा, पण इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात.

नेपोलियनने उजवी बाजू मुद्दाम कमजोर ठेवली होती. शत्रू तिकडे धावला, की नेपोलियनचा हल्ला मधोमध. पण उजवीकडच्यांना वाचवायला मार्शल दाव्हू दमलेली फौज घेऊन आला होता.

मी दाव्हूला पाठवलंच नाही.

“अगं, तिकडचे सगळे मरतील,” बाबा मागून म्हणाले.

“मरू देत हो बाबा. आमिषच आहेत ते.”

मी जिंकले! मेलेली पलटण मी स्वतः उचलून डब्यात ठेवली. झाकण लावलं.

मग डब्यातून आवाज आला...

टक. टक-टक.

कोणी ताशावर काडी टेकवावी तसा.

झाकण उघडलं...

डबा रिकामा.

टेबलाकडे वळले. उजव्या बाजूला तीच पलटण पुन्हा रांगेत उभी होती. पायाखालची माती ओली.

त्यांची तोंडं शत्रूकडे नव्हती...

माझ्याकडे होती.

“मी हात लावला नाही,” वाउटर म्हणाला. त्याने खुर्ची मागे सरकवली.

घरी आल्यावर त्यांना भिंतीकडे तोंड करून कपाटात ठेवलं. सकाळी उघडलं, तर सगळे माझ्या पलंगाकडे वळलेले. पुढे ताशेवाला.

रागावलेले असते तर बरं झालं असतं. ते वाट बघतायत. माझ्या हुकमाची.

उद्या ब्रेडा शहरात फायनल. मी वर्षभर ज्याची स्वप्नं बघितली, ती. आत्ता नाश्त्याचे पोहे समोर आले. वरच्या खोलीतून परत तेच...

टक. टक-टक.

आई-बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं.

“आई, बाबा, उद्या मी फायनल खेळणार नाहीये. आपण टेकडीवर जायचंय. पलटण तिथेच ठेवून येणार मी.”

“वेडी आहेस का? वर्षभर बसून रंगवलीस ती!” बाबांचा चमचा हातातच राहिला.

“हो. पण त्यांना घरी जायचा हुकूम कोणीतरी द्यायला हवा ना, बाबा. आणि सेनापती मी आहे.”