काळा पडलेला काढा

वैद्यबुवांच्या कारखान्यातून निरोप आला तो माईंना. मास्तरांना कुणी विचारलंसुद्धा नाही. खासगी तपासाच्या कामात मास्तर इतकी वर्षं या थोरल्या मेहुणीबरोबर पायपीट करत होते, पण लोकांच्या तोंडी नाव एकच. आज माईंच्या आधी मीच गुन्हेगार ओळखणार, असं मनाशी घोकत ते त्यांच्या मागोमाग काढाघरात शिरले.

बुवांची धाकटी मुलगी स्टीलच्या एका खोल पिंपापाशी उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते. जखमा धुवायचा हिरड्याचा काढा ही मूळ बुवांची कृती. रसायनशास्त्र शिकून आलेल्या धाकटीने ती सुधारली होती, आणि तिच्या काढ्याने जखमा लवकर भरू लागल्या होत्या. आज इस्पितळाचे डॉक्टर तो न्यायला आले. झाकण काढलं, तर आत शाईसारखं निळंकाळं पाणी. कारण संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर हा विषय संपला, असं सांगून ते निघून गेले. काढा संपला म्हणजे धाकटीचं काढाघरही संपलं, हे थोरल्या भावाने तिला लगेच ऐकवलं होतं.

"काल झाकला तेव्हा तपकिरी होता," धाकटी म्हणाली. "हिरड्यातलं तुरट द्रव्य जखम आवळून धरतं, पण त्याला लोखंड लागलं की ते काळं पडतं. म्हणून मी इथे खिळासुद्धा येऊ देत नाही. जाताना डाव, गाळणी, सगळं कपाटात कुलपात ठेवते."

माईंनी पिंप ओतून रिकामं करायला लावलं. तळाशी काही नव्हतं. पिंपाच्या कडीला मात्र तुटक्या दोऱ्याची गाठ होती आणि दोऱ्याचं टोक काळं होतं. मास्तरांनी तो आधी पाहिला होता, पण बोलायच्या आत माईंनी तो सोडवून रुमालात बांधला. मास्तरांचं डोकंच फिरलं.

खोलीची किल्ली धाकटीखेरीज तिघांकडे होती. पहिला थोरला. विक्रीचं तो पाहायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ गोरे हात. बहिणीचं कौतुक ऐकून पोटात दुखतं का, असं माईंनी सरळच विचारलं. दुखतं की, तो म्हणाला. घराण्याचं नाव मी गावोगाव नेलं आणि हार हिच्या गळ्यात. मास्तरांना तो एकदम आपला माणूस वाटला आणि म्हणूनच त्याच्यावरचा संशय पक्का झाला.

दुसरा कारखान्याचा लॅबवाला. काढ्यात लोखंड सापडल्याचं त्यानेच सांगितलं. कृतीवर आपलं नाव नाही, ही त्याचीही कुरकुर होतीच. त्याची दहाही बोटं काळपट होती. हिरड्याचं काळं लिंबू चोळलं की निघतं, तो म्हणाला, पण रोज कोण चोळत बसणार.

शेवटी बुवा. ते पडवीत लोखंडी खलात हिरडा कुटत होते. बत्ता उजव्या हातात, डावा खलावर. लेकीच्या नुकसानीबद्दल फार हळहळले. औषध करणाऱ्याचे हात असेच हवेत, म्हणून त्यांनी आपला काळाकुट्ट डावा तळवा अभिमानाने दाखवला. जन्मात कधी घासून धुतले नाहीत म्हणे. मग उजव्या हाताने मास्तरांना पाण्याचा पेला दिला. तो हात लख्ख होता. पाहुण्यांसाठी एक हात तरी स्वच्छ ठेवतात, म्हणून मास्तरांना म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं.

सगळे काढाघरात जमले, तेव्हा मास्तर पुढे सरसावले आणि थोरल्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. पुरावा काय, असं त्याने विचारताच ते माईंच्या रुमालाकडे पाहू लागले. माईंनी त्यांना हळूच खुर्चीवर बसवलं, आणि ते त्यांना जास्तच झोंबलं.

"कुणीतरी लोखंडाच्या किसाची पुरचुंडी दोऱ्याने आत सोडली," माई म्हणाल्या. "सकाळी ओढून घ्यायची, म्हणजे मागमूस राहणार नाही. पण दोरा तुटला. डाव आणि गाळणी कुलपात. मग तळापर्यंत हात घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो हात शाईत बुडवल्यासारखा झाला असणार, म्हणून लिंबाने धुतला. पण लिंबाला आजचा डाग कोणता आणि आयुष्यभराचा कोणता, हे कळत नाही. लॅबवाल्याचे दोन्ही हात सारखे काळे, म्हणजे लिंबू लागलेलं नाही. थोरल्याचे दोन्ही गोरे, त्यावरून काहीच ठरत नाही. पण बुवा, बत्ता तुम्ही उजव्या हाताने धरता. तो हात डाव्याहून काळा हवा."

बुवांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला. धाकटी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"बाबा?"

"माझ्या दारात येऊन लोक तुला विचारायला लागले," बुवा जमिनीकडे पाहत म्हणाले. "ताई आहेत का, म्हणून. मी समोर बसलेला असायचो."

या माणसाची मास्तरांना चीड यायला हवी होती, पण येईना.

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातून होता. धाकटीने उचलला, थांबा जरा म्हणाली आणि फोन छातीशी धरून उभी राहिली. सांगितलं तर बापाची अब्रू जाणार, न सांगावं तर काढा जाणार. बुवा उठले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"काढ्यात दोष नाही, डॉक्टर. त्यात लोखंड मी घातलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बुवांनी लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "का म्हणजे? हिचा काढा माझ्यापेक्षा चांगला झाला होता म्हणून."

आपल्या काढ्याबद्दल वडिलांच्या तोंडून धाकटीने ऐकलेला हा पहिला चांगला शब्द होता.