कठड्यापलीकडची पोर

सायली, तो पंखा बारीक कर अन् इकडं सरकून बस. तुम्ही दोघं बहीणभाऊ उद्या गाडी घेऊन नागपूरला निघणार, ते पण ऊन उतरल्यावर, म्हणून सांगतो. नाय तर मी ही गोष्ट काढत नाय. माझ्यासोबत घडलेली नाय ही. घडली ती अजिनाथसोबत. त्याच्या अन् आपल्या घरामधली भिंत एकच आहे, तो रात्री खोकला तरी मला कळतं. त्यानं मला ती एकदाच सांगितली, अन् सांगताना सगळा वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होता.

दोन वर्षं झाली. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार, आणि अवस.

अजिनाथ शेंद्र्याला कंपनीत कामाला. त्याची पोरगी अक्षदा तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. मेहकरला मामाच्या लग्नाला गेली आणि चार दिवस तिथंच रमली. बुधवारी शाळेत चाचणी होती, म्हणून योगिनीनं, म्हणजे तिच्या आईनं, अजिनाथच्या मागं लकडा लावला की आजच्या आज जाऊन तिला घेऊन या. त्यानं दुपारी सुट्टी टाकली, गाडी काढली आणि गेला. साधं काम. तिथं चहा झाला, आग्रह झाला. आजीनं नातीला निघता निघता बासुंदीची आणखी एक वाटी दिली. सहाला ते निघाले. दिवस तेव्हाच मावळला होता.

आता तो समृद्धीचा रस्ता तुम्ही बघितलाय. एकदा वर चढलं की चढलं. दोन्हीकडं पत्र्याचा कठडा, कठड्यापलीकडं दगडी उतार, उताराच्या पायथ्याला भिंत. गावातले दिवे दिसतात, देवळाचा भोंगा ऐकू येतो, पण गावात जाता येत नाय. पुढचा टोल येईपर्यंत आपण त्या रस्त्याचे.

जालन्याला उतरायचं ठिकाण आलं तेव्हा अजिनाथनं तिला विचारलं होतं, शी-शूला जायचंय का म्हणून. ती मागच्या सीटवर मोबाइलमध्ये कार्टून बघत होती. नाही म्हणाली. त्यानं गाडी पुढं काढली. पुढं सावंगीपर्यंत खाली उतरायची सोय नाय असं त्याला वाटत होतं.

दहा मिनिटं झाली असतील.

"पप्पा, पोटात दुखतंय."

त्यानं आरशात बघितलं. पोर दोन्ही हातांनी पोट धरून वाकली होती. त्यानं तिला थोडं दमानं घे म्हटलं. शाळेतली कविता म्हणायला सांगितली. तिनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. मग रडायला लागली, पण आवाज न करता. लहान पोर आवाज न करता रडायला लागलं म्हणजे खरंच जड जातंय असं समजायचं.

"शी आलीय. नाही थांबवत."

अजिनाथ पुढं बघत राहिला, कुठं दिवे दिसतात का, हॉटेल, पंप, काहीतरी. काळोख होता नुसता. रस्ता तिथं डोंगर कापून नेलाय, दोन्ही अंगाला कातळ. तिथं थांबायला जीव धजेना. त्यानंतर एक छोटा पूल लागला, पूल संपल्यावर कातळ संपला आणि कडेला जरा जागा दिसली. त्यानं गाडी डाव्या अंगाला घेतली. चारी दिवे लुकलुकत ठेवले. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ त्यानं बघून ठेवली, का बघितली ते त्यालाही सांगता येत नाय.

त्यानं तिला उचलून कठड्यापलीकडं ठेवलं. दोनचार हातांवर एक बाभळीचं झुडूप होतं, त्याच्या आडोशाला. अंधाराला भ्यायली म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या हातात दिला. पाण्याची बाटली स्वतःकडं ठेवली. ती म्हणाली, पप्पा, तिकडं तोंड करा. पोरगी आहे, लाजली. तो कठड्यावर बसला, रस्त्याकडं तोंड करून. समोर चार पावलांवर गाडी.

ट्रक जायचे. एकेक ट्रक गेला की सगळा रस्ता हादरायचा, हवेचा झोत अंगावर यायचा आणि मग एकदम शांत. इतकं शांत की गाडीचे दिवे लुकलुकताना टक टक वाजतात ते बाहेरपर्यंत ऐकू यायचं.

"झालं का गं?"

"नाही."

तो बसला. आणखी दोन ट्रक गेले.

"झालं का?"

"अजून न्हाई."

त्याच्या पाठीवर मघापासून टॉर्चचा उजेड पडत होता. तो आता नव्हता. त्यानं विचारलं, लाइट का बंद केला?

"किडं येत्यात."

बरं म्हणाला तो. थंडी वाजायला लागली होती. बाटली मांडीवर धरून बसला. योगिनीला फोन करावा असं मनात आलं, पण फोन पोरीकडं. आणखी किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाय. ट्रक मोजले असते तर बरं झालं असतं म्हणतो. बासुंदी बाधली असणार, तो स्वतःशी म्हणाला. पोट साफ होतंय तर होऊ दे.

"अक्षू, झालं का?"

"न्हाई."

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

अक्षदा 'न्हाई' म्हणत नाय. तिचा आजा म्हणतो. ती इंग्रजी शाळेतली पोर. 'नाही' म्हणते. 'किडे येतात' म्हणते.

तो मागं वळणार, तेवढ्यात गाडीच्या आत उजेड पडला.

मागच्या दाराच्या काचेला अक्षदा होती. हातात मोबाइल, टॉर्च लावलेला, उजेड खालून तोंडावर. नाक काचेला टेकवलेलं. बापाकडं बघत होती. काहीतरी बोलत होती, पण काच बंद.



पाठीमागून आवाज आला. "पप्पा."

आवाज अक्षदाचाच. आणि त्याच घडीला, काचेआड, अक्षदाचे ओठ हलले. पप्पा.

पोरांनो, त्या माणसाचं काय झालं असंल ते तुम्ही बघा. गाडीकडं पळावं तर... खाली अंधारात आपलीच पोर असली तर? खाली जावं तर गाडीतली... तिच्या शेजारून ट्रक चाललेत. मागं वळून बघायचं धाडस होईना. पुढून नजर काढवेना.

त्यानं विचारलं, "अक्षू, तू कुठं हायेस?"

काचेआड ओठ हलले.

पाठीमागून आवाज आला, "हितं."

मग त्याचं बोट कुणीतरी धरलं.

उजव्या हाताचं, मधलं बोट. तान्हं मूल धरतं तसं, सगळ्या मुठीत. मूठ लहान. पण गार. विहिरीतल्या दोरासारखी गार आणि ओली. त्यानं हात ओढला. सुटेना. जोर लावला. पोराच्या मुठीत एवढी ताकद नसते.

गाडीत अक्षदा रडायला लागली होती. अलीकडचं दार तिला उघडेना. ती धडपडत पलीकडच्या दाराला गेली. रस्त्याच्या अंगाच्या. दार उघडलं. तिचा एक पाय खाली आला.

लांबून ट्रकचे दिवे येत होते.

अजिनाथ ओरडला म्हणतो, पण तोंडातून आवाज फुटलाच नाय. बाटली मांडीवरून पडली, घरंगळत गेली. बोट सुटेना. दिवे जवळ आले.

शेवटी तो मागं न बघता, हळू आवाजात, जसं घरातल्या पोराला सांगावं तसं म्हणाला, "सोड, बाई. माझी लेक हाय ती. जाऊ दे मला."

काही नाय.

...

मग एक आवाज आला. तो आता अक्षदाचा नव्हता. लहान पोरीचाच, पण बसलेला, लई दिवस कुणाशी बोललेली नसावी असा.

"मला बी न्या."

दिवे आले. दार उघडं. पोर खाली.

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "नेतो."

मूठ सुटली.

तो कसा धावला, गाडीला वळसा कसा घातला, ते त्याला आठवत नाय. अक्षदाला त्यानं दंडाला धरून खेचलं आणि दोघं गाडीला चिकटले, आणि ट्रक इतक्या जवळून गेला की उघडं दार आपोआप धाडकन आपटलं. त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडी काढली.

मागं वळून बघितलं नाय. आरसा त्यानं हातानं वर फिरवून टाकला, छताकडं.

दोन किलोमीटर गेले असतील. गाडीत घंटी वाजायला लागली. टिंग. टिंग. टिंग. नवी गाडी होती. माणूस बसला आणि पट्टा लावला नाय, की वाजते. त्यानं आपला पट्टा चाचपला. लावलेला. अक्षदाचा बघितला. तोही लावलेला. समोर काचेखाली सीटचं चित्र येतं ना, त्यात मागची सीट लाल झाली होती. मधली.

टिंग. टिंग.

थांबायचं तर कुठं? पुन्हा कठडाच, पुन्हा उतारच. उतरायची जागा अजून वीस किलोमीटर. त्यानं काचा खाली घेतल्या. गार वारं आत भरलं. घंटी थांबेना.

अक्षदा रडायची थांबली होती. ती सीटवरून मान वळवून मागं बघत होती. भ्यायलेली नव्हती. त्यानं तिला पुढं बघ म्हटलं. ती म्हणाली, या ताईनंच मला धुतलं. तिकडून मागनं वळसा घालून पलीकडच्या दारानं गाडीत जा म्हणाली, पप्पांना मी सांगते. आता माझा नंबर, म्हणाली.

अजिनाथ स्टिअरिंग धरून बसला. ओठ आत घेतले.

टिंग. टिंग.

"पप्पा," अक्षदा म्हणाली, "ती विचारतेय, पट्टा कसा लावायचा?"



...

अक्षदा मागं बघून म्हणाली, "असं ओढ. आणि त्या लाल बटणात घाल."

मागं काहीतरी सरकलं. खट्, असा आवाज आला.

घंटी थांबली.

त्यानंतरचे वीस किलोमीटर तो कसा आला ते मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, नाना, गाडी मी चालवत नव्हतो, मला कुणीतरी डब्यात घालून नेत होतं. सावंगीला खाली उतरला, शहरातले दिवे लागले, सिग्नल लागला, शेजारी रिक्षा उभी राहिली, रिक्षातली बाई अक्षदाकडं बघून हसली. पुढं जळगाव रोड, सिडको, आणि मग आपली मुकुंदवाडी. माणसांत आला तरी त्यानं आरसा खाली घेतला नाय.

पावणेनऊ झाले होते. मी ओट्यावरच होतो. गाडी आली ती मी बघितली. त्यानं अक्षदाला कडेवर घेतलं, गाडी लॉक केली आणि माझ्याकडं न बघता आत गेला. मी म्हटलं, प्रवासानं दमला असंल.

आत जाऊन त्यानं योगिनीला एवढंच सांगितलं की पोरीला गरम पाण्यानं अंघोळ घाल. ती म्हणाली, एवढ्या थंडीत? घाल म्हणाला. योगिनीनं पोरीचे कपडे काढले आणि तिला नवल वाटलं. पोर स्वच्छ होती. चेहरा पुसलेला, पाय धुतलेले, नखांत मातीचा कण नव्हता. आपल्या नवऱ्याला हे कुठून सुचलं असं तिला वाटलं. अजिनाथनं दाराला आतून कडी घातली, वरची आणि खालची, दोन्ही. गाडीची किल्ली उशीखाली घेऊन पडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाय.

सकाळी साडेपाचला त्रिंबक, त्याचा बाप, नेहमीसारखा उठला. दाराच्या दोन्ही कड्या घातलेल्या होत्या, त्या त्यानंच काढल्या. आणि तिथंच थांबला. मग त्यानं मला हाक मारली. कडूबा, जरा येतो का? त्याचा आवाज ऐकूनच मी पायात काही न घालता गेलो.

दाराच्या आतल्या अंगाला भिंतीशी त्यांच्या चपला असतात, ओळीनं. त्रिंबकच्या, अजिनाथच्या, योगिनीच्या, आणि शेवटी अक्षदाच्या गुलाबी.

गुलाबी चपलांच्या शेजारी आणखी एक होती.

एकच. डाव्या पायाची. आठनऊ वर्षांच्या पोराच्या मापाची, टायर कापून केलेली. त्रिंबक जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. तो खाली बसला, हात लावला नाय, नुसती बघितली. म्हणाला, असल्या चपला आमच्या लहानपणी करायचे. आता करणारा कुणी राहिला नाय.

ती ओली होती. आणि तुम्ही बघा, बाहेर जायचं असतं त्याच्या चपलेचं तोंड दाराकडं असतं.

हिचं तोंड घराकडं होतं.