वारा नसलेल्या ग्रहावरची चाल

अंधेरीला, मरोळच्या एका औद्योगिक गाळ्यात आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली छपाईचा कारखाना, त्यामुळे जिन्यात कायम शाईचा वास. माझ्या मित्राने, देवव्रतने, काढलेल्या चित्रकथेचं आम्ही तिथे श्राव्य रूप करत होतो. त्याचा विनोदी कप्तान तांबडे यान घेऊन परग्रहावर उतरतो. तिथे हवा नाही, वारा नाही, जीवजंतू नाहीत. फक्त संगीत आहे. ज्याला ते ऐकू येतं, त्याचे शब्द एकेक करून जातात.

कप्तान मालवणी बोलायचा, म्हणून लवूकाका परबांना बोलावलं. विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्मभर हौशी नाटकांत रमलेले. पहिल्याच दिवशी यानाचं दार उघडून ते ओरडले, "हयसर चाय गावात काय रे?" परग्रहावर उतरून पहिली चौकशी चहाची! काचेच्या अलीकडे मी आणि देवव्रत पोट धरून हसलो.

संगीत अजून कुणी बांधलं नव्हतं. त्या जागी मी शांतता सोडली होती. काकांनी फक्त ऐकत असल्यासारखं थांबायचं. ते थांबले. मान किंचित डावीकडे कलली. बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

"चाल बरी हा," हेडफोन काढत ते म्हणाले. "कोणी केल्यान?"

"काका, मी काहीच लावलं नव्हतं."

"मस्करी नको गो जान्हवी," म्हणत त्यांनी ती गुणगुणून दाखवली.

उतरत जाणारे मोजके सूर, आणि मग चाल मध्येच तुटायची. खाली पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी.

"झकास!" देवव्रत म्हणाला. "हेच घे यार. हेच वापरू."

काकांना पुन्हा गुणगुणायला लावून मी ते रेकॉर्ड केलं.

पुढच्या वेळी काका 'चाय' या शब्दापाशी अडले. त्या जागी गुणगुणले. भूमिकेत शिरलेत असं वाटून देवव्रत खूशच झाला. मग 'यान' गेलं. मग 'दार'. कागद हातात, नजर नेमक्या शब्दावर, ओठही हलत होते. जेवायच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या भाकरीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. हिला काय म्हणतात ते सांग, असं विचारत असल्यासारखे.

"काका, पुरे ना आता," देवव्रत हळूच म्हणाला.

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. गळ्यातून चाल येत होती.

ते घरी गेल्यावर आम्ही ती पहिली गुणगुण लावून पाहिली. नुसती खोलीची शांतता. काकांचा श्वासही नाही.

"पुसून टाक," देवव्रत म्हणाला.

"काय पुसू? आहेच काय त्यात?"

काकांचं बोलणं बंदच झालं. डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या केल्या. कशातच काही निघालं नाही. मग एका सकाळी त्यांच्या बायकोचा, कमलकाकूंचा फोन आला. "एकदा येऊन जा गं. तुझं नाव काढलं की ते दाराकडे बघतात."

दुपारी आम्ही विक्रोळीला त्यांच्या चाळीत गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, कुठेतरी कुकरची शिट्टी. काका खिडकीशी बसले होते. काकू पाळण्याची दोरी ओढत होत्या. मुलगी बाळंतपणाला आली होती. नात अजून मान धरत नव्हती.

मी फोनवर काकांचा पहिल्या दिवशीचा आवाज लावला. चहा मागणारा कप्तान. काका पुढे वाकले. चेहरा उजळला.

"चा..." ते म्हणाले.

काकूंचा हात दोरीवर थबकला. "बोला ना. बोला हो!"

"चा..."

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

ओठ मिटले. चाल सुरू झाली. नेहमीच्या जागी येऊन तुटली. काकांनी मान कलती केली आणि वाट पाहिली.

पाळण्यातून पुढचे सूर आले.

बारीक. स्वच्छ. एकही न चुकता.

देवव्रतने माझं मनगट गच्च पकडलं. काका समाधानाने हसले.

"हळू हां," काही ऐकूच न आल्यासारखी दोरी पुन्हा ओढत काकू म्हणाल्या. "आत्ताच झोपलीय ती."