अर्धी राहिलेली पाळी

आमच्याकडे सभा म्हटली की आधी कॉफीची फळं तुपात तळायची, मग बोलायचं. त्या वर्षी आमच्या गावी, एल गुराचात, तुपापुरतीही गाय उरली नव्हती, म्हणून मार्साबित शहरातून मीच डबा घेऊन गेले. पाणी खात्यातल्या पोरीनं पाण्याआधी तूप आणलं, असं म्हणून बायका हसल्या. हसायला गावात तेवढंच होतं.

काम सरळ होतं. गावाच्या खालच्या अंगाला खात्याची बोअर होती, फक्त दुष्काळात उघडायची, एरवी झाकण लावून बंद. ती पहिल्यांदा उघडण्याआधी सगळ्यांची संमती घ्यायची आणि जनावरांच्या पाळ्या ठरवायच्या. बोअर चालली नसती तर गावाला उत्तरेच्या विहिरींकडे चालत निघावं लागलं असतं, आणि माझी आई त्या वाटेवर टिकली नसती. तिला खाटेसकट सभेला आणलं होतं. मी तिथे अधिकारी म्हणून बसले होते खरी, पण सगळं लक्ष त्या खाटेकडे होतं.

बोअर जुन्या विहिरीला लागून घेतली होती. बाकी सगळीकडे पाणी खारट, ते मीच तपासलं होतं. जुनी विहीर फार खोल. माणसं एकाखाली एक कडांवर उभी राहून चामड्याचे डोल वर द्यायची आणि गात राहायची. गाण्याच्या ठेक्यावरून डोल हातात कधी येणार ते अंधारातही कळायचं. आत उतरताना प्रत्येकानं म्हणायचं, "मी आहे." एकदा म्हटलं की पाळीचे आबा, म्हणजे पाण्याच्या पाळ्या ठरवणारे म्हातारे, काठी आपटून "पुरे" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. मागच्या मोठ्या दुष्काळात ती विहीर माणसांसकट ढासळली. कुणालाच बाहेर काढता आलं नाही. माझा भाऊ हलाके तेवढा वाचला. ताप भरला म्हणून तो मधेच वर आला होता.

तेव्हाही पाळीचे आबा सोरा आबाच होते. आता ते बाभळीखाली काठी मांडीवर घेऊन बसले होते.

"सगळ्यांना विचारलंस, दरमी?"

"सगळ्यांना, आबा."

"खालच्यांना?"

मागून कुणीतरी हसलं. आबांनी तिकडे पाहिलंही नाही. "मी अजून पुरे म्हटलेलं नाही. पाळी त्यांचीच चालू आहे."

"मग आता म्हणून टाका की," मागून तोच म्हणाला.

"मढी न बघता? मी पुरे म्हटलं की ते मेले. त्यांच्या बायका इथे बसल्यात, त्यांच्या तोंडावर म्हणू?"

शेवटी आबा उठले, बोअरच्या पाइपावर काठी ठोकून काहीतरी पुटपुटले, आणि कान लावून उभे राहिले. आतून ठोका आला. लोखंड उन्हानं तापलं की वाजतंच, असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं ते वाजतंच.

झाकण काढलं. हलाकेनं जनरेटर सुरू केला. पाणी आलं, पण धार काही लागेना. डोलभर यायचं, थांबायचं, पुन्हा डोलभर यायचं.

"ताई, तुझ्या पंपाला उचकी लागलीय," हलाके म्हणाला.

"हवा अडकलीय. बंद कर जरा."

त्यानं बंद केला. जनरेटरची घरघर थांबली. पाणी येतच राहिलं.

बटण मी स्वतः जाऊन पाहिलं. बंद होतं. मग मात्र मला भीती वाटली.

गुमातो नावाची एक बाई हौदाजवळ उभी होती. तिचा नवरा त्या विहिरीत गेलेला. ती आपल्याच नादात विहिरीचं गाणं गुणगुणायला लागली, आणि पाणी बरोबर त्याच ठेक्यावर येत होतं. फक्त प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी ठेका चुकायचा, आणि पाइपातून नुसता लाल चिखल थुंकल्यासारखा बाहेर पडायचा.

"तिथं हात नाही," गुमातो म्हणाली. "डोल सांडतोय."

आणि तिनं हलाकेकडे पाहिलं.

त्या तुटक पाण्यानं पोरांचीही तहान भागेना. जनावरं हौदापाशी हंबरत होती. आबांनी पुन्हा सगळ्यांना बाभळीखाली बसवलं.

"हे पाणी आपलं नाही," ते म्हणाले. "मी आता पुरे म्हणतो. झाकण लावा. उद्या उत्तरेला निघू."

"आबा, आईला कसं नेऊ?" मी म्हटलं. "पाइपात काहीतरी अडकलंय, मी दुरुस्त करीन. पाणी चालू राहू दे. वाटलं तर एकेकाला विचारा."

आमच्या सभेत एकाचाही नकार असेल तर निर्णय होत नाही. आबांनी एकेकाला विचारलं. कुणी तान्ह्या पोराकडे बघून, कुणी गुरांकडे बघून "हरकत नाही" म्हणालं. गुमातोही म्हणाली. शेवटी हलाके राहिला. तो मघापासून पाइपाकडे बघत होता.

"हलाके, तुझं काय?"

"मी आहे," तो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"काय म्हणालास?"

"हरकत नाही, म्हणालो." तो कसनुसं हसला. "जीभ घसरली, आबा. असं काय बघताय?"

मग तो जनरेटर बघून येतो म्हणून उठला. आम्ही सगळ्यांनी त्याला जनरेटरच्या शेडमागे जाताना पाहिलं.

थोड्याच वेळात पाणी नीट यायला लागलं.

ठेका कुठेच चुकत नव्हता. चिखल नव्हता. हौद भरला, गुरं धावली, बायका रडत हंडे लावायला लागल्या.

मी शेडमागे गेले.

जनरेटर गार होता. हलाकेची चादर त्यावर ठेवलेली होती. त्याची पावलं धुळीतून पाइपापर्यंत गेली होती, परतीची नव्हती.

पाइपात माझा हात कोपरापलीकडे जात नाही.

मी परत आले तेव्हा आई पेला तोंडाला लावून पीत होती. पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं.

"हलाकेनं भरलंय ना?" ती म्हणाली. "लहानपणापासून त्याचं असंच. काठोकाठ भरतो."

आबा पाइपापाशी काठी उचलून उभे होते.

"दरमी," ते हळूच म्हणाले. "म्हणू? पुरे म्हणू?"

आईनं रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"अजून जनावरं राहिलीत, आबा," मी म्हटलं.

त्यांनी काठी खाली घेतली. मी पेला भरायला पाइपाशी वाकले. आत गाणं चालू होतं, आणि त्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा होता. त्याला आताच धाप लागली होती.