गप्प बटण

अगं थांब, फोन ठेवू नकोस, आधी हे ऐक. काल रात्री आमच्याकडे जे झालं ना, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही. तुझा भुताखेतांवर विश्वास नाही, माहितेय. माझाही नाही. नव्हता म्हण.

आमचा दादा आठवतोय ना, आत्याचा मुलगा? तुझीच छत्री तुला विकून वर आभार मानायला लावेल, तोच. काल जेवणं झाल्यावर लाइट गेले, म्हणून आम्ही सगळी भावंडं गच्चीत जाऊन बसलो. धाकट्याने नेहमीचं टुमणं लावलं, दादा भुताची गोष्ट सांग. दादा एरवी असला पांचटपणा करतो की भूतसुद्धा कंटाळून निघून जाईल. काल म्हणाला, "खरी सांगू का?" आणि आवाज असा लागला त्याचा, की कोणी हसलंच नाही.

तर बघ. दादा हॉस्पिटलचे मॉनिटर विकतो. पेशंटच्या उशाशी असतो तो टीव्ही, बोटाला चिमटा लावला की नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा. दर वर्षी डॉक्टरांची मोठी परिषद भरते, समुद्रावरच्या एका रिसॉर्टमध्ये. दिवसभर भाषणं आणि स्टॉल, संध्याकाळी पँटचे पाय दुमडून पाण्यात उभं राहायचं. दादाच्या कंपनीचा स्टॉल म्हणजे एक कॉट, एक मॉनिटर आणि कॉटवर पेशंटराव.

पेशंटराव म्हणजे कंपनीतला सगळ्यांत जुना माणूस. विकायला कधी जमलं नाही बिचाऱ्याला. कोणाला नाही म्हणता यायचं नाही, त्यामुळे गिऱ्हाइकालाही हो म्हणून परत यायचा. शेवटी साहेबांनी त्याला कॉटवर आडवं केलं. मशीनमध्ये नाडीच्या खोट्या लाटा दाखवायची सोय असते, पण तेव्हा कोपऱ्यात पिवळ्या अक्षरात 'डेमो' असं दिसत राहतं आणि डॉक्टर लोक तोंड वाकडं करतात. जिवंत माणूस असला की कशी मजा येते. आणि या माणसाच्या अंगात एकच कला होती. श्वास कोंडून धरायचा. इतका, की ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागायचा आणि अलार्म वाजायचा. हुकमी. दादाने कॉटच्या दांडीवर खुणेची टिचकी मारली की हा श्वास धरणार, मशीन बोंबलणार, मग दादा पुढे होऊन अलार्म बंद करणार. त्या बटणाला ते आपसात गप्प बटण म्हणायचे. ते दाबलं की दोन मिनिटं शांतता. मग पुन्हा वाजतंच. दादाचं ठरलेलं वाक्य होतं, "माणूस विसरेल मॅडम, मशीन विसरत नाही."

पेशंटरावाचं पोट सुटलेलं. कंपनीच्या निळ्या शर्टाचं मधलं बटण सारखं उडायचं. शेवटी बायकोने तिथे कोटाचं भलंमोठं काळं बटण शिवून दिलं होतं. सगळे त्यावरून चेष्टा करायचे. साहेब येता-जाता त्या बटणावर बोट दाबून म्हणायचे, लिफ्ट आली का रे. तोही हसायचा. तो सगळ्यालाच हसायचा.

मागच्या वर्षी, परिषदेचा दुसरा दिवस, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदीप्रमुख मॅडम, स्वतः डॉक्टर, स्टॉलवर आल्या. हे गिऱ्हाईक मिळालं असतं तर दादाचं कल्याण होतं. त्याने टिचकी मारली. आकडा उतरला. अलार्म वाजला. दादाने बटण दाबलं आणि म्हणाला, "हे बघा, एका बटणात शांत."

दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. दादाने पुन्हा दाबलं. पडद्यावरची लाट आडवी झाली होती. मॅडम म्हणाल्या, काय हुबेहूब करता हो तुम्ही. आजूबाजूला सगळे डॉक्टरच, हृदयाचे, फुप्फुसाचे, भुलीचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, याला नाटकात घ्या.

मग सगळे जेवायला गेले. साहेब म्हणाले, झोपू दे त्याला, मेहनत केलीय.

...

जेवून परत आले, तेव्हा तो गार पडला होता.

धाकट्याने विचारलं, मग डॉक्टरांना सांगितलं का? दादा म्हणाला, सांगून काय झालं असतं? साहेबांनी त्याला मागच्या दाराने खोलीवर नेलं. खोलीत झोपेत गेला, असं सगळीकडे कळवलं. त्याच्या बायकोला, वहिनींना, सांगायला दादाच गेला. त्रास नाही झाला, वहिनी. त्या म्हणाल्या, नशीब, तुम्ही सगळे जवळ होता.

मॅडमनी ऑर्डर दिली. दादाला वर्षातला सर्वोत्तम विक्रेता म्हणून बक्षीस मिळालं. आत्याने ते शोकेसमध्ये ठेवलंय, तूही बघितलंयस.

आता या वर्षीचं ऐक. गेल्या शनिवारची गोष्ट, म्हणजे अगदी ताजी. तीच परिषद, तेच रिसॉर्ट, पुन्हा दुसरा दिवस. रात्री हिरवळीवर जेवण चाललं होतं, समोर समुद्र. साहेब खुशीत होते. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात टाकला आणि गोड आवाजात सांगितलं, की मॅडमच्या हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहतेय, सगळे मॉनिटर आपल्याकडूनच घेतील, फक्त उद्या सकाळी त्यांना डेमो हवाय. मागच्या वर्षीसारखा. कॉटवर तूच झोप, तुला सगळं माहितेय. आणि हो, हे हातचं गेलं तर तू दुसरीकडे बघायला मोकळा. हेही हसतच.

दादाला अर्धा मिनिटसुद्धा श्वास धरवत नाही, सिगरेट ओढतो ना. म्हणून जेवण अर्धवट टाकून तो हॉलकडे निघाला. म्हटलं, मशीन चार्जिंगला लावू, जरा सराव करू. आपलं साधं काम.

हॉलच्या दारात वॉचमन पेंगत होता. दादाने किल्ली मागितली. तो म्हणाला, उघडंच आहे साहेब, तुमचा माणूस मघाशीच आत जाऊन झोपलाय.

दादाला वाटलं, टीममधलंच कोणी पिऊन आडवं झालं असेल.

आत एसी बंद होता. स्टॉलवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या. हाडांच्या कंपनीचा प्लास्टिकचा सांगाडा तेवढा उघडा, त्याला कोणीतरी गॉगल घातलेला. आणि पार टोकाला दादाच्या स्टॉलवर हिरवा उजेड. मॉनिटर चालू होता.

कॉटवर कोणी नव्हतं.

पडद्यावर लाट धावत होती. नाडी बरोबर. ऑक्सिजन बरोबर. दादाला वाटलं, कोणीतरी डेमोवर टाकून गेलं. त्याने कोपऱ्यात बघितलं. कोपरा रिकामा. पिवळी अक्षरं नव्हती.

चिमटा चादरीवर पडला होता. आतला लाल दिवा पेटलेला. चिमट्यात काहीच नव्हतं. फक्त तो पुरता मिटलेला नव्हता... जरासा उघडा होता. बोटाएवढा.

आणि गादी मधोमध खचलेली.

दादा म्हणतो, पळायचं डोक्यातच आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की मशीन बिघडलं तर उद्या काय दाखवू? म्हणजे बघ तू, नोकरी माणसाला कुठे नेते. त्याने सवयीने कॉटच्या दांडीवर टिचकी मारली. चालतंय का बघायला.

आकडा उतरायला लागला.

सावकाश. एकेक करून. अगदी तसाच...

अलार्म वाजला. दादाचा हात आपोआप बटणावर गेला. गप्प. बाहेर फक्त समुद्र.

तो म्हणाला, "पेशंटराव, पुरे आता. सोड श्वास."

दोन मिनिटं.

पुन्हा वाजला.

लाट बसत चालली होती. दादाला काय वाटलं कोण जाणे. छातीवर दाब कसा द्यायचा, हे कंपनी सगळ्यांना शिकवते. त्याने दोन्ही तळवे एकावर एक ठेवले आणि त्या खचलेल्या जागेवर दाबायला लागला. रिकाम्या कॉटवर. वेड्यासारखा. तर लाट उठली. दाबलं की उठायची. थांबलं की बसायची. दाबलं... उठली. अलार्म थांबला. आकडा एक घर वर चढला.

आणि त्याच्या तळव्याला गादी लागत नव्हती गं.

बटण लागत होतं. मोठं. कोटाचं.

गच्चीत धाकटा कधीचा माझ्या दंडाला धरून बसला होता, नखं रुतली माझ्या. दादा मात्र सांगत होता, थांबेना. म्हणाला, रडत होतो मी, पण दाबत होतो, आणि आकडा चढत होता. मागच्या वर्षी एवढंच करायचं होतं ना, असं वाटत होतं.

तेवढ्यात दारातून हसण्याचे आवाज आले. साहेब, टीममधले दोघं-तिघं, सगळ्यांच्या हातात ग्लास. आणि सोबत मॅडम. साहेब म्हणाले, बघा, आमचा माणूस रात्री पण सराव करतो. एकाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. कोणीतरी ओरडलं, अरे, गादी वाचेल ना?

मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. दादाचे हात, मग लाट. हात, मग लाट. मग कोपऱ्यात बघितलं.

"हे डेमोवर नाहीये," त्या म्हणाल्या. "कोण आहे मशीनला?"

...

दादाचे हात दुखून भरून आले होते. घाम चादरीवर ठिबकत होता. हाताखाली बटण. साहेब मॅडमच्या मागे उभे होते, हसू तसंच होतं, डोळे तेवढे बदलले होते.

एक नाव घ्यायचं होतं. बस. त्या डॉक्टर होत्या. कदाचित मानलं नसतं, कदाचित वेडा म्हणाल्या असत्या. पण कदाचित पुढे येऊन त्यांनीही हात लावला असता. आणि मागच्या वर्षी टाळ्या कशाला वाजवल्या, तेही कळलं असतं त्यांना. मग ऑर्डर गेली, नोकरी गेली, शोकेस गेलं.

"कोणी नाही, मॅडम," दादा म्हणाला. "नवीन सॉफ्टवेअर आहे."

आणि त्याने हात उचलले.

लाट बसली. अलार्म कोकलला. दादाने बटण दाबलं.

"हे बघा. एका बटणात शांत."

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, इंप्रेसिव्ह. साहेबांनी डोळा मारला आणि सगळे परत जेवणाकडे गेले. दादा एकटाच थांबला. त्याला माहीत होतं, दोन मिनिटांनी वाजणार. मशीन विसरत नाही.

दोन मिनिटं झाली.

चार झाली.

वाजलं नाही. गादी सपाट झाली होती, इस्त्री केल्यासारखी. दादाने चिमटा उचलायला चादरीवर हात फिरवला. चादरीवर चिमटा नव्हता.

तो त्याच्या बोटाला होता. त्याने लावलेला नव्हता, हे तो आईची शपथ घेऊन सांगतो. आणि पडद्यावर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या, चिमट्यात बोटच नसलं की येतात तशा.

ऑर्डर मिळाली. पुढच्या महिन्यात बढतीही आहे.

आम्ही म्हटलं, जा रे, फेकतोयस. दादा मला म्हणाला, आजीचं ते ऑक्सिजन बघायचं मशीन असेल ना घरात, आण. मी मोबाइलच्या उजेडात कपाटातून शोधून आणलं. धाकट्याच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. सेल नवीन होते गं, मीच घातले होते.

मग दादाने बोट पुढे केलं.

दोन रेघा.

दुसरं बोट. दोन रेघा. डावा हात. दोन रेघा. दहाही बोटं बघितली आम्ही. आणि तो समोर बसलाय, बोलतोय, श्वास घेतोय. मी त्याचं मनगट धरलं, नाडी बघायला. गरम होतं मनगट. नाडी... मला सापडली नाही. मला तशीही कोणाची सापडत नाही, मी काय डॉक्टर आहे का? असं मी स्वतःला सकाळपासून सांगतेय.

तेवढ्यात लाइट आले. सगळ्यांचे डोळे दिपले. दादाने मशीन मिटून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, तू असतीस तर घेतलं असतंस का गं नाव? सगळ्यांसमोर, नोकरीवर पाणी सोडून, रिकाम्या कॉटवर वाकलेली असताना?

मी खाली बघत बसले. तो उठून गेला.

म्हणून तुला विचारतेय. खरं सांग हं. तू काय केलं असतंस?