माती राहिली आहे

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो.

प्रमिलाबाई म्हणजे माझ्या आईची सख्खी मावशी. ती बाई उगाच तोंड उघडणारी नव्हती. जे सांगितलं ते एकदाच सांगितलं, आणि सांगताना पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

साल सत्तावन्न. वैशाख महिना. जागा देवळी, वर्ध्याच्या जवळची. तिच्या माहेरच्या गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. तिथे अजून दोन्हीकडची माणसं नांदतात.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो...

हा आला तेव्हा भर दुपार होती.

प्रमिला तेव्हा विशीतली. नवरा वासुदेवराव किराणा दुकानात गेलेला. सासू शोभाबाई आत आडवी झालेली. प्रमिला ओसरीवर चिंच फोडत बसली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला.

छन्... छन्... छन्...

घुंगरांच्या काठीचा आवाज. तो ऐकला की त्या काळी बायका हातातलं काम थांबवायच्या. मयताचा निरोप गावोगाव पोचवायचं काम तेव्हा महारवाड्याकडे होतं. काठी वाजली की समजायचं, कुठेतरी कोणीतरी गेलं.

प्रमिलाने मान वर केली.

अंगणाच्या पार टोकाला, उन्हात, कवडू उभा होता.

कवडू तिच्या माहेरचा. ती सासरी निघाली तेव्हा तिच्या छकड्यासोबत देवळीपर्यंत पायी चालत आलेला. माहेरचा बरावाईट निरोप तोच आणायचा. निरोप्याने अंगणाच्या टोकाशीच थांबायचं, तिथूनच सांगायचं आणि तिथूनच परत फिरायचं, अशी रीत. सावलीत या म्हणायची सुद्धा रीत नव्हती.

प्रमिलाच्या हातातली चिंच गळून पडली.

"कवडू? काऊन रे, कोन गेलं? बाबा बरे हायत ना?"

"बरे हायत जी."

"आई?"

"बरी हाय."

प्रमिलाने हुश्श केलं. पुढे आयुष्यभर तिला त्या हुश्श करण्याची लाज वाटली. तसं तिने मला स्पष्टच सांगितलं.

"मंग कोन गेलं?"

"प्रेमदास गेला. श्रावण गेला."

दोघंही महारवाड्यातले. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. तेव्हापासून वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावकीची कामं सोडली. आणि मार्चातल्या इलेक्शनला तर ही पोरं आपल्या पार्टीच्या उमेदवारासाठी शाळेतल्या मतदान केंद्रात एजंट म्हणून खुर्ची टाकून बसली. खुद्द सदाशिवराव पाटलांसमोर! हे सदाशिवराव म्हणजे प्रमिलाचे वडील.

"दोघं एकाच वक्ती? पटकी आली का गावात?"

"तिघं जी."

"तिसरा कोन?"

कवडू नुसता बघत राहिला...

"माती कधी हाय?" तिने विचारलं. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात, आणि निरोप आला की हे विचारावंच लागतं.

"माती राह्यली हाय बाई. जुन्या इहिरीत हाओत आमी. धुऱ्यावरच्या."

ऊन रखरखत होतं. तरी प्रमिलाच्या अंगावर काटा आला. काय ऐकलं ते तिला नीट कळेना. मग सवयीने ती उठली आणि निरोप्याला द्यायची ज्वारी सुपात घेऊन आली.

"घे."

"नाई जी. ते काम सोडलं आमी."

"मंग आला काऊन?"

"सांगनारं कोनी उरलं नाई."

आतून शोभाबाईंचा आवाज आला. "सूनबाई! एकटीच कोनाशी बोलून राह्यली वं?"

प्रमिलाने क्षणभर मागे पाहिलं. परत वळली तर...

अंगण रिकामं. दारातलं कुत्रं भिंतीला चिकटून थरथरत होतं. एरवी पानं हलली तरी भुंकणारं कुत्रं. ते भुंकलंच नव्हतं.

संध्याकाळी तिने चूल पेटवायला घेतली.

पेटेना.

काडी पेटायची. कंदील पेटला. काडी चुलीत नेली की विझायची.

शोभाबाईंनी शेजारणीकडून खापरात निखारे आणले. रसरशीत लाल निखारे. चुलीत टाकले आणि बघता बघता काळे पडले. राखेत हात घातला तर राखही गार.

मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण या घरात कोण मेलं होतं?

वासुदेवराव दुकानातून आले तेव्हा तिने कवडूचं सांगितलं. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"कवडू आलता? अवं, तुले सांगतलं नाई मी, तो शिमग्यापासून गायब हाय. तो अन् दुसरे दोन पोट्टे. लोक म्हनतात नागपूरले मिलमंदी गेले. त्याची माय रोज ठाण्यासमोर येऊन बसते. शिपाई तिले हाकलून देतेत."

तिसरा कोण, ते प्रमिलाला तेव्हा कळलं. 

आणि जुनी विहीर? धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, जुनी विहीर एकच होती. तिच्या वडिलांच्या शेतातली.

दुसऱ्या दिवशी ती छकड्यात बसून माहेरी गेली. गाव जवळ आलं. स्वयंपाकाची वेळ होती. घराघरावर धूर दिसत होता...

एका घरावर नव्हता.

आई दारात आली ती निम्मी झालेली. पुढ्यात फुटाणे आणि गूळ ठेवला. प्रमिलाने स्वयंपाकघरात डोकावलं. चुलीवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"आई, चूल?"

आईने पदर तोंडाला लावला. "पेटतच नाई वं माय. शिमग्यापासून. भाकरी तुह्या काकूच्या घरून येते."

"लाकडं ओली हायत," सदाशिवराव झोपाळ्यावरून म्हणाले.

वैशाखात ओली लाकडं! प्रमिला वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. या माणसासमोर तिने आजवर मान वर केली नव्हती.

"बाबा, धुऱ्यावरची इहीर कुठी गेली? येताना दिसली नाई मले."

झोपाळा थांबला.

"बुजवली. ढोरं पडत होते."

"ढोरं का मानसं?"

"कोन सांगतलं तुले?"

"कवडूनं. काल दुपारी. तिघांचीबी माती राह्यली म्हने."

"कवडू कसा सांगन? त्याले तर मी सोता..."

सदाशिवराव तिथेच थांबले. आईच्या हातातली बांगडी वाजली.

मग ते उठले. तिच्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची.

"पोरी, तोंड उघडलं तर बाप फासावर जाईन. तुह्या मायचं कपाळ पांढरं होईन. अन् सासरचे तुले खुन्याची पोरगी म्हनून दारात उभं करनार नाईत. इचार कर."

तिने विचार केला. बाप तो बापच. यानेच तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. ती न्हाणीत गेली, तोंडात पदर कोंबून रडली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

बौद्धांची वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. पाटलाच्या घरची बाई तिथे कधी गेली नव्हती. तिला बघून पोरं खेळायची थांबली. माणसं उठून उभी राहिली.

कवडूची आई, अन्नपूर्णा, दारात बसली होती. दोन महिन्यांत डोळे आत गेलेले. मूल गेलं म्हणावं तर देह नाही. आहे म्हणावं तर पत्ता नाही. तिला रडताही येत नव्हतं.

प्रमिला तिच्या अंगणाच्या टोकाशी थांबली. पाय पुढे जाईनात.

"अन्नपूर्णामाय... निरोप हाय."

म्हातारीने मान वर केली.

प्रमिलाने तिन्ही नावं सांगितली. विहीर सांगितली. वडिलांचं नाव सांगितलं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. प्रेमदासच्या घरातून हंबरडा फुटला. श्रावणचा भाऊ खाली कोसळला.

अन्नपूर्णा रडली नाही.

"तुले कोन सांगतलं?" तिने विचारलं.

"कवडूच आलता. देवळीले. माह्या घरी."

"कवा?"

"काल. भर दुपारी."

म्हातारी उठली. भिंत धरत धरत प्रमिलापर्यंत आली. तिच्या डोळ्यांत बघितलं.

"उन्हात आला माहा लेक. येवढ्या लांबून. तू त्याले सावलीत बसवलं का वं?"

प्रमिलाने मान खाली घातली. 

"पानी देल्लं का?"

"मेल्यावरबी बाहेरच उभा ठेवला," अन्नपूर्णा म्हणाली, आणि मग तिने जो टाहो फोडला तो प्रमिलाने मरेपर्यंत कानात वागवला.

विहीर उकरली. तिघं सापडले. वस्तीने बुद्धवंदना म्हणून त्यांची माती केली. त्या दिवशी दरवर्षी तिथे मेणबत्त्या लागतात, तिघांची नावं मोठ्याने घेतात. खटला वर्ध्याला चालला. प्रमिलाने साक्ष दिली. तुम्हाला हे कोणी सांगितलं, असं वकिलाने विचारलं. तिने खरं ते सांगितलं, आणि कोर्ट हसलं. सदाशिवराव सुटले. त्यांच्या घरची चूल पुढे पेटली की नाही, मला ठाऊक नाही. ती त्या घरी परत गेली नाही. वासुदेवरावांनी मात्र तिला अंतर दिलं नाही, एवढं त्या माणसाचं मोठेपण.

देवळीच्या घरात ती ऐंशी वर्षांची होईपर्यंत राहिली. रोज दुपारी जेवणं झाली की पुढचं दार सताड उघडायची. बैठकीत सतरंजी टाकायची, पाण्याचा तांब्या ठेवायची. मग दाराकडे तोंड करून म्हणायची, "आत ये बापा. बस."

एकदा मी धीर करून विचारलं, "मावशीआजी, येतो का तो?"



"येते ना," ती म्हणाली. "रोज येते. पन अंगनातच थांबते."

त्या घरात आता मी राहतो. दुपारी दार उघडं ठेवतो, सतरंजी टाकतो. बाहेर अंगणाकडे बघायची मात्र माझी अजून हिंमत झालेली नाही.